नॉक्स काउंटीतला पहिला महिना: प्रोजेक्ट झोम्बॉइड कसा खेळावा

माझा भाचा ऐरोलीला राहतो. परीक्षा संपली की पाठीवर लॅपटॉप टाकून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येतो आणि आमच्या नौपाड्याच्या घरी चार-सहा दिवस मुक्काम करतो. यंदा मे महिन्यात चपला काढता काढताच म्हणाला, "मामा, तू तो झोंबीचा गेम खेळतोस ना, मीपण घेतला. दोन दिवसांत अकरा वेळा मेलो. दुसऱ्या दिवसाची सकाळ एकदाही बघितली नाही."

मी त्याला हॉलमधल्या टेबलापाशी बसवलं आणि म्हटलं, बारावा डाव माझ्यासमोर खेळ. घरातून बाहेर पडला तो पळतच. हातात फ्राइंग पॅन. पहिल्या झोंबीला लोळवलं, दुसऱ्याला लोळवलं. तिसऱ्याच्या वेळी पात्र इतकं दमलं होतं की घाव बसूनही झोंबी जागचा हलेना. तेवढ्यात चौथा मागून आला. सगळा मिळून सहा मिनिटांचा डाव.

त्याचे आधीचे अकरा डावही याच एका कारणाने गेले होते. त्याने याला मारामारीचा गेम समजून हात घातला होता. प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये मारामारी आहे, पण डाव टिकतो तो आवाज, दम आणि साठा या तीन गोष्टींवर. कमी आवाज करा, अंगात दम राखून ठेवा, पुढच्या आठवड्याचं आज जमवा. ते चार दिवस आम्ही दोघांनी हेच केलं, आणि तोच क्रम इथे सविस्तर देतो आहे.

हा गेम द इंडी स्टोन या छोट्या ब्रिटिश स्टुडिओचा आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो २०१३ पासून मिळतो आणि इतकी वर्षं तो बांधला जातोच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बिल्ड ४१ ही मोठी आवृत्ती आली, डिसेंबर २०२४ मध्ये बिल्ड ४२ चाचणीसाठी खुली झाली. नवख्याने बिल्ड ४१ वरच हात बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्थिर आहे, आणि खालचे सगळे आकडे तिचेच आहेत. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

गोष्ट सुरू होते ९ जुलै १९९३ ला, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. नॉक्स काउंटी म्हणून जो भाग दाखवला आहे तो कल्पित, पण मल्ड्रॉ, वेस्ट पॉइंट, लुईव्हिल ही गावं आणि ओहायो नदी केंटकीच्या नकाशावर खरोखर आहेत. साल १९९३ असल्यामुळे मोबाइल नाही, इंटरनेट नाही. बातमी कळायची ती टीव्हीवर किंवा रेडिओवर. डाव सुरू होताना पडद्यावर जी वाक्यं येतात त्यांचा अर्थ असा, की तुम्ही कसे मेलात त्याची ही गोष्ट आहे. इथे जिंकणं नाहीच. किती दिवस टिकलात आणि कसे टिकलात, एवढंच. शिवाय मागचा सेव्ह उघडून चूक दुरुस्त करायची सोय नाही. गेम स्वतःच सतत जतन होत राहतो, म्हणून प्रत्येक दार उघडताना छातीत थोडं धडधडतं. मला हा गेम आवडतो तो त्या धडधडीसाठी.

डाव मांडताना

पहिल्यांदा गेममधलाच शिकवणीचा भाग, म्हणजे ट्युटोरियल, पूर्ण करा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग नवीन डावात अपॉकलिप्स, सर्व्हायव्हर, बिल्डर असे तयार पर्याय दिसतील. ते बाजूला ठेवून सँडबॉक्स उघडा. तिथे सगळी कळ तुमच्या हातात असते. झोंबींची संख्या कमी ठेवा आणि झोंबी पळणारे नकोत, रखडत चालणारेच असू द्या. लाज वाटू देऊ नका, पोहायला शिकताना कोणी थेट खाडीत उडी मारत नाही. भाच्यासाठी मी चाव्याचा संसर्गही पहिले दोन डाव बंद ठेवला होता. हात बसल्यावर तो पुन्हा सुरू केला, कारण चाव्याची भीती नसेल तर सावधपणा अंगात मुरत नाही. दिवसाची लांबी मात्र बदलू नका. खेळातला एक दिवस म्हणजे आपला एक तास, हा हिशोब शिकायला सोयीचा आहे.

गाव निवडायचं तर रोजवुड. छोटं आहे, झोंबी तुलनेने विरळ आहेत आणि गावात पोलिस ठाणं व अग्निशमन केंद्र दोन्ही आहेत. अग्निशमन केंद्रात कुऱ्हाड मिळण्याची चांगली शक्यता असते. नदीकाठचं रिव्हरसाइडही चालेल. मल्ड्रॉ हे हायवेच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पसरलेलं गाव. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना त्याची रचना लगेच कळेल: सगळं काही एकाच रस्त्यावर, त्यामुळे सगळी गर्दीही त्याच रस्त्यावर. वेस्ट पॉइंट त्याहून दाट. आणि लुईव्हिल हे शहर आहे, तिकडे पहिल्या महिन्यात फिरकूच नका.

पात्र तयार करताना गुणांचा हिशोब असतो. चांगला गुण घेतला की गुणांक जातात, अवगुण घेतला की मिळतात, आणि शेवटी बेरीज शून्याच्या खाली नको. नवख्याला न जाचणारे अवगुण सांगतो. धूम्रपानाचे ४ मिळतात, सिगारेटी झोंबींच्या खिशांत सापडत राहतात. जास्त तहान लागण्याचे ६ मिळतात, आणि पाण्याची सोय आपण करणारच आहोत. सावकाश वाचण्याचे २. झाले १२. यातून तीक्ष्ण श्रवण नक्की घ्या. पाठीमागे जवळ आलेला झोंबी लवकर दिसतो, आणि इथे माणसं बहुधा पाठीमागून आलेल्यामुळेच मरतात. दमा, अशक्तपणा, व्यायामाचा अभाव असले अवगुण कितीही गुणांक देत असले तरी घेऊ नका. दम हीच इथली पुंजी आहे, ती आधीच गहाण टाकून कसं चालेल? पेशा म्हणून अग्निशमन जवान किंवा सुतार बरा. जवानाला ताकद आणि कुऱ्हाडीची सवय मिळते, तर सुताराची सुतारकी सुरुवातीपासूनच वरच्या पायरीवर असते. ती पाण्याच्या वेळी कामी येते.

पहिला तास

डाव सुरू होतो तेव्हा तुम्ही एका घरात असता. दाराकडे धावू नका. आधी सगळ्या खिडक्यांचे पडदे लावा. मग टीव्ही सुरू करून २०३ नंबरचं चॅनल लावा. पहिल्या आठवड्यात त्यावर सकाळी ६ ला स्वयंपाक, दुपारी १२ ला सुतारकाम आणि संध्याकाळी ६ ला जंगलात तग धरण्याचे कार्यक्रम लागतात. पात्राने ते नुसते बघितले तरी ती कौशल्यं वाढतात. या तीन वेळांना टीव्हीसमोर असायचं, मधल्या वेळात बाहेर पडायचं, असं पहिल्या आठवड्याचं वेळापत्रकच बांधून घ्या.

मग घर धुंडाळा. कपाटं, फ्रिज, बाथरूममधली औषधांची पेटी, गॅरेज. हातोडा, करवत, स्क्रूड्रायव्हर, डबे उघडायचा ओपनर, कुठलीही बॅग, चादरी, हे सोडू नका. बॅग हातात न धरता पाठीवर लावली की आतल्या सामानाचं ओझं बरंच कमी होतं. ओझं वाढलं की स्क्रीनच्या उजव्या बाजूला वर तसं चिन्ह उमटतं. या चिन्हांना मूडल म्हणतात. भूक, तहान, दम, भीती, दुखणं, झोप, सगळं तिथेच कळतं. भाचा तिकडे बघतच नव्हता. मी त्याला म्हटलं, लोकलमध्ये इंडिकेटर बघतोस ना, तसं दर अर्ध्या मिनिटाला तिकडे नजर टाक.

बाहेर पडताना सी दाबून वाका आणि वाकूनच चाला. शिफ्ट दाबून पळणं संकटासाठी राखून ठेवा. तुम्हाला फक्त तोंडासमोरच्या टप्प्यातले झोंबी दिसतात, पाठीमागचे दिसत नाहीत, म्हणून चार पावलांनी एकदा मागे वळून बघायची सवय लावा. नव्या घराला आधी बाहेरून प्रदक्षिणा घाला. खिडकीतून आत डोकवा. दार बंद असेल तर खिडकी उघडते का ते बघा. काच फोडणं हा अगदी शेवटचा उपाय. फोडलीच, तर उरलेले तुकडे उजव्या क्लिकने काढून मगच आत चढा, नाहीतर हात कापेल.

काही घरांना अलार्म असतो. तो वाजला की सामानाचा मोह सोडायचा आणि लगेच निघायचं. भाच्याचा एक डाव असाच गेला. स्वयंपाकघराची खिडकी उघडून आत उतरला आणि अलार्म वाजला. फ्रिजमध्ये चिकन आणि अंडी होती. "फक्त एवढं घेतो" म्हणाला. त्याचे ते दहा सेकंद मी शेजारी बसून बघत होतो. खिडकीबाहेर अंगणात आधी एक सावली आली, मग तीन, मग कुंपणावरून लोंढाच आत पडायला लागला. चिकन बॅगेत गेलं, पण बॅग घराबाहेर आलीच नाही.

मारायचं कसं

आता या भागावर जरा वेळ घालवतो, कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं.

माउसचं उजवं बटण धरून ठेवलं की पात्र पवित्र्यात उभं राहतं, डावं दाबलं की वार करतं. स्पेसबारने धक्का देता येतो. झोंबी खाली पडला असेल तर डोक्यावर वार करायचा किंवा पायाने चेचायचं. कळा एवढ्याच. बाकी सगळा खेळ अंतराचा आहे. झोंबीकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. त्याने हात पुढे केले आणि तो शस्त्राच्या टप्प्यात आला की एकच वार. तो धडपडतो किंवा पडतो. पुन्हा दोन पावलं मागे, पुन्हा वार. घाई केली तर वार हवेत जातो आणि दम वाया जातो, उशीर केला तर तो तुम्हाला धरतो. हा ताल बसायला संध्याकाळ जाते, पण एकदा बसला की बोटं विसरत नाहीत.

एका वेळी दोन, फार तर तीन. त्याहून मोठा घोळका दिसला तर त्यात शिरायचं नाही. संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर आपण काय करतो? मधून घुसत नाही, कडेकडेने जातो. तसंच कडेच्या एखाददुसऱ्या झोंबीला दिसायचं, तो मागे लागला की त्याला लांब मोकळ्या जागेत न्यायचं, तिथे संपवायचं, आणि परत येऊन पुढचा घ्यायचा. वीस जणांचा घोळकाही असा फेरीफेरीने विरळ होतो. मध्ये मध्ये विश्रांती मात्र हवीच.

कमरेएवढं कुंपण हा तुमचा सगळ्यात चांगला मित्र. तुम्ही अलीकडे थांबा, झोंबी पलीकडून कुंपणावर चढतो आणि तोंडावर पडतो. तो उठायच्या आत डोक्यावर वार. फक्त तुमच्या पाठीची बाजू मोकळी आहे ना, हे आधी बघून घ्या.

दमाचं मूडल उमटलं की मारामारी थांबवा. दमलेल्या पात्राच्या वारात जोर राहत नाही, म्हणजे जो झोंबी दोन फटक्यांत पडायचा त्याला सहा लागतात, आणि ते सहा फटके तुम्हाला आणखी दमवतात. भाच्याच्या त्या बाराव्या डावात नेमकं हेच झालं. चालत लांब जा, एखाद्या इमारतीच्या आडोशाला वळा म्हणजे नजर तुटते, आणि जमिनीवर बसा. बसल्यावर दम लवकर भरून येतो. झाडीत शिरूनही नजर तुटते, पण तिथे चाल मंदावते आणि फांद्यांनी अंग ओरबाडतं.

शस्त्रांत नवख्यासाठी पहार, म्हणजे क्रोबार. कुऱ्हाडीइतकी जोरकस नाही, पण सहजी मोडत नाही. बेसबॉल बॅटही उत्तम. फ्राइंग पॅन, काटे, पेन्सिली यांच्यावर जीव टाकू नका. आणि बंदूक? पहिल्या महिन्यात सापडली तर घरात ठेवून द्या. एक गोळी एक झोंबी पाडते आणि सगळा परिसर दाराशी आणते.

जखमा

ओरखडा बसला तर झोंबी-संसर्गाची शक्यता ७ टक्के, कापलं असेल तर २५ टक्के, आणि चावा बसला तर १०० टक्के. चाव्यावर औषध नाही, दोन-तीन दिवसांत पात्र जातं. म्हणून अंगावर जाड कपडे चढवा. चामड्याचं जाकीट, डेनिम, बूट. जुलैच्या उन्हात उकडतं, तहान वाढते, तरी मारामारीच्या दिवशी ते अंगावर हवेतच.

जखम झाली की पडद्यावरची आरोग्याची खिडकी उघडा, जखमेवर उजवी क्लिक करून पट्टी बांधा. पट्टी नसेल तर सुती कपडा फाडून चिंध्या करा. पट्टी मळली की बदला. जखम चिघळणं वेगळं आणि झोंबी-संसर्ग वेगळा. पहिलं जंतुनाशकाने आणि स्वच्छ पट्टीने आटोक्यात येतं. मळमळीचं मूडल दिसलं म्हणून लगेच धीर सोडू नका. शिळं खाल्लं तरी ते येतं आणि घराभोवती प्रेतं साचली तरी येतं. प्रेतं ओढून लांब टाका.

पाणी आणि वीज

माझ्या लहानपणी ठाण्यात 'उद्या पाणी येणार नाही' अशी सूचना आली की आई आदल्या संध्याकाळी घर कामाला लावायची. मोठं पिंप, दोन हंडे, कळशी, बादल्या, शेवटी पातेली आणि पेलेसुद्धा भरून ओट्यावर रांगेत. भाच्याच्या घरीही हेच चालतं. त्याला मी इतकंच सांगितलं, की नॉक्स काउंटीत ही सूचना आलेली आहे असं समज, फक्त तारीख लिहिलेली नाही.

मूळ सेटिंगमध्ये वीज आणि पाणी पहिल्या ३० दिवसांत कधीही जातं, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. म्हणून पहिल्याच दिवसापासून जे भांडं हाताला लागेल ते भरा. बाटल्या, पातेली, बादल्या, कपसुद्धा. पाणी गेल्यावरही प्रत्येक घरातल्या बेसिनमध्ये आणि टबमध्ये थोडं शिल्लक असतं, पण ते संपणारं. टिकाऊ उपाय पावसाचं पिंप. त्याला सुतारकीची ४ थी पायरी लागते, आणि सामान म्हणून ४ फळ्या, ४ खिळे, ४ कचऱ्याच्या पिशव्या. सुतार निवडला असेल, टीव्हीवरचे दुपारचे कार्यक्रम चुकवले नसतील आणि घराघरांतलं लाकडी फर्निचर हातोडा-करवतीने सुटं केलं असेल, तर दुसऱ्या आठवड्यात पिंप उभं राहतं. सुतारकीचं पुस्तक सापडलं तर काम करण्याआधी वाचा, नंतर वाचून उपयोग कमी, कारण वाचल्यापासून पुढच्या कामाचा अनुभव वाढीव मिळतो. पिंपातलं पाणी दूषित असतं. पातेल्यात भरून उकळल्याशिवाय पिऊ नका.

खाण्याचाही क्रम असतो. वीज आहे तोवर फ्रिजमधलं ताजं संपवा, मांस फ्रीझरमध्ये सरकवा, डबाबंद पदार्थांना हात लावू नका. ते वीज गेल्यानंतरचे. ओव्हन सुरू ठेवून बाहेर गेलात तर अन्न जळतं आणि त्याबरोबर घरही पेटू शकतं. स्वयंपाक चालू असताना घर सोडायचं नाही.

जनरेटर दिसला तर जागा लक्षात ठेवा, पण तो जोडायला त्यावरचं मासिक वाचलेलं असावं लागतं किंवा पात्र इलेक्ट्रिशियन असावं लागतं. ते मासिक पुस्तकांच्या दुकानांत, टपालपेट्यांत, घरांतल्या शेल्फांवर शोधा. जनरेटर घरात कधीही ठेवू नका, त्याचा धूर पात्राला मारतो. बाहेर भिंतीला लागून ठेवला तरी गेममधल्या जमिनीच्या २० चौकटींपर्यंत वीज पोचते. त्याला लागणारं पेट्रोलही वीज असेपर्यंतच पंपावरून भरता येतं. वीज गेली की पंप बंद. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच दोन-तीन कॅन भरून ठेवा.

घर आणि गाडी

मुक्कामाला दुमजली घर बघा आणि झोपायची जागा वर करा. चादरींचे दोर करून वरच्या खिडकीला हातोडा-खिळ्याने अडकवा. जिना अडला तर त्या दोरावरून खाली उतरता येतं. खालच्या खिडक्यांना फळ्या ठोका, एका बाजूला जास्तीत जास्त ४ बसतात. रात्री दिवा लावायचा तर पडदा किंवा चादर हवीच, उजेड लांबून दिसतो. आजूबाजूचा भाग एकदा साफ केला म्हणजे तो कायमचा साफ राहत नाही, काही दिवसांनी झोंबी सरकत येतातच. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी एक फेरी मारा.

गाडीची किल्ली कधी गाडीतच असते, कधी जवळ जमिनीवर, कधी शेजारी भटकणाऱ्या झोंबीच्या खिशात. किल्लीशिवाय गाडी सुरू करायला विजेच्या कामाची १ ली आणि मेकॅनिकची २ री पायरी लागते, किंवा पेशा घरफोड्याचा हवा. झोंबींना उडवत जाऊ नका. चार-पाच धडकांत बॉनेट जातं, मग इंजिन, आणि नेमक्या गर्दीत गाडी बंद पडते. हळू चालवली तर आवाजही कमी होतो.

हेलिकॉप्टरचा दिवस

पहिल्या आठवड्याच्या शेवटाला किंवा त्याच्या थोडं पुढेमागे एक हेलिकॉप्टर गावावर येतं. ते तुम्हाला वाचवायला आलेलं नाही. त्याच्या आवाजाने मैलभरातले झोंबी उठतात आणि ते जिकडे जाईल तिकडे चालू लागतात. तुम्ही उघड्यावर असाल तर ते तुमच्याच डोक्यावर घिरट्या घालतं. रेडिओवर आपत्कालीन सूचनांचं स्वयंचलित केंद्र शोधून ठेवा आणि रोज सकाळी ऐका. हवामानाबरोबर त्या दिवशी हवाई हालचालींचा उल्लेख येतो. तो ऐकला की उघड्यावर फिरायचं नाही. पडदे लावा, दिवे बंद करा, मुक्कामाच्या घरापेक्षा एखादं लांबचं घर मिळालं तर दिवस तिथे काढा, म्हणजे झुंड तुमच्या साठ्यापाशी येणार नाही. त्या दिवसासाठी एक बॅग आधीच भरलेली असू द्या: पाणी, दोन डबे, ओपनर, पट्ट्या, दुसरं शस्त्र.

भाच्याने हा दिवस अठराव्या डावात पार केला. दुपारची वेळ, पंखा सुरू, माझी आई आमरसाच्या वाट्या घेऊन उभी, आणि हा कानाला हेडफोन लावून हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज लांब जातो की जवळ येतो ते ऐकत बसलेला. आवाज विरल्यावर त्याने हेडफोन काढले आणि आधी वाटी घेतली.

मेल्यानंतर

पात्र मेलं म्हणून जग संपत नाही. त्याच जगात नवीन पात्र घेऊन उतरता येतं. तुमचं घर, पिंपं, फळ्या, पेट्रोलचे कॅन, सगळं जागच्या जागी असतं. संसर्गाने गेलेलं पात्र झोंबी होऊन उठतं आणि त्याच्या अंगावरचं सामान त्याच्याजवळच राहतं. म्हणून पहिल्यापासून सगळं स्वतःच्या बॅगेत कोंबू नका. दुसरं शस्त्र, थोडं पाणी, औषधं घरातल्या कपाटात ठेवा. पुढच्या पात्राला ती लागतात.

ऐरोलीला परतल्यावर आठवड्याने रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. एकोणिसाव्या दिवशी त्याला चावा बसला होता, गॅरेजच्या दाराआड, मागे वळून न बघितल्यामुळे. नवीन पात्र घेऊन तो दोन गावं चालत रोजवुडच्या घरापर्यंत पोचला होता. अगदी हळू आवाजात बोलत होता, जणू पलीकडे ऐकू जाईल.

"मामा, तो जिन्याखालीच उभा आहे. माझंच जाकीट. बॅग पाठीवर आहे, आत पहार आहे, जनरेटरचं मासिकपण आहे."

"आजूबाजूला अजून किती आहेत?"

"अंगणात दोन."

"दमाचं मूडल?"

"आहे एक. आत्ताच पळत आलो ना."

"मग आधी कुंपणाच्या अलीकडे ये," मी म्हटलं, "आणि बस खाली."